पाचव्या चाकाचा संसार: फिफ्थ व्हील ट्रेलर घेऊन लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीत मंडळाच्या हॉलबाहेर आमचा ट्रक दिसला, की आरती संपेपर्यंत लोक कसाबसा धीर धरतात. प्रसाद हातात पडला की प्रश्न सुरू. तेच प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवरही इतक्यांदा आले, की उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे. विषय एकच: पिकअप ट्रकला जोडून ओढायचं चाकांवरचं घर. सगळं अमेरिकेतल्या रस्त्यांपुरतं आहे. आकडे पाऊंड, फूट आणि मैलांत आहेत, कारण इथल्या पाट्या आणि स्टिकर त्यातच बोलतात.

१. ‘फिफ्थ व्हील’ म्हणजे नक्की काय? ते पाचवं चाक असतं कुठे?

चाक शोधू नका, सापडणार नाही. घोडागाडीचा पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक गोल चकती आडवी बसवलेली असे. चार चाकांच्या गाडीतलं ते पाचवं चाक. नाव तिथून आलं. आज त्या जागी पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे, एक जड हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा सांधा, बसवलेलं असतं. ट्रेलरच्या पुढच्या उचललेल्या भागाखाली दोन इंच व्यासाची पोलादी खुंटी असते, तिला किंगपिन म्हणतात. ती हिचच्या जबड्यात अडकते. जेएनपीटीतून कंटेनर घेऊन बाहेर पडणारे ट्रेलर पाहिले असतील तर रचना तीच. फक्त कंटेनरच्या जागी आपली बेडरूम.

२. साध्या ट्रॅव्हल ट्रेलरपेक्षा हा ओढायला सोपा असतो म्हणतात. खरं आहे का?

सरळ रस्त्यावर, हो. साधा ट्रेलर बंपरमागच्या गोळ्यावर जोडतात, म्हणजे मागच्या आसाच्या कितीतरी मागे. जोराचा वारा आला किंवा शेजारून मोठा ट्रक गेला, की तो शेपटीसारखा हलतो आणि ट्रकलाही हलवतो. फिफ्थ व्हीलचं वजन थेट आसावर येतं, त्यामुळे शेपूट हलणं जवळजवळ नाहीच.

बदल्यात तीन गोष्टी द्याव्या लागतात. हौदा हिचने अडतो. उंची १३ फुटांच्या घरात जाते (प्रश्न ११). आणि वळणावर ट्रेलरची चाकं ट्रकपेक्षा बरीच आतून जातात. पेट्रोल पंपाजवळचे पिवळे खांब का वाकलेले असतात, हे पहिल्याच महिन्यात कळतं.

३. माझ्या ट्रकची ओढण्याची क्षमता १८,००० पाऊंड आहे आणि ट्रेलर १४,०००चा. मग घ्यायला काय हरकत?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात महाग पडणारा प्रश्न हाच. ट्रक किती ओढतो हे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतं. ट्रक किती पेलतो हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, छोट्या पांढऱ्या-पिवळ्या स्टिकरवर असतं. फिफ्थ व्हीलच्या बाबतीत बहुतेक वेळा आधी संपतो तो हा दुसरा आकडा. त्याला पेलोड म्हणतात: माणसं, सामान, हिच आणि किंगपिनचा भार, सगळं मिळून.

हिशोब करून पाहू. फिफ्थ व्हीलच्या एकूण वजनाच्या १५ ते २५ टक्के भार पिनवर येतो, साधारण २० धरा. १४,००० पाऊंडांचे झाले २,८००. हिच अंदाजे १५०. दोन मोठी माणसं आणि दोन वाढत्या वयाची मुलं, ६००. मागच्या सीटखालची हत्यारं, कूलर, आईने सोबत दिलेले डबे धरून आणखी १५०. बेरीज ३,७००. आता दारावरचं स्टिकर वाचा. पाऊण टनी म्हणजे मॉडेलच्या नावात २५०० किंवा एफ-२५० असलेल्या वर्गातल्या डिझेल ट्रकवर हा आकडा अनेकदा २,००० ते २,५००च्या आसपास असतो. डिझेल इंजिन स्वतःच जड, त्यामुळे ओढण्याची ताकद वाढते आणि पेलण्याची जागा घटते. इंजिन कुरकुर करणार नाही, चढ मजेत चढेल. सोसतील ते मागचे टायर, आस आणि स्प्रिंग.

अजून एक मेख. कंपनीच्या पत्रकात पिनचा जो भार छापतात, तो रिकाम्या ट्रेलरचा असतो. बॅटऱ्या आणि प्रोपेनच्या टाक्या बहुधा पुढे असतात, बेडरूमखालचा मोठा कप्पाही पुढेच. त्यात तांदळाचं पोतं ठेवलं तर त्याचा मोठा वाटा थेट पिनवर येतो. म्हणून गणित नेहमी ट्रेलरच्या कमाल वजनावर, जीव्हीडब्ल्यूआरवर करा, पत्रकातल्या कोरड्या वजनावर नाही. आणि जमलं तर आधी ट्रेलर ठरवा, मग ट्रक. आम्ही उलटं केलं आणि दोन वर्षांत ट्रक बदलला.

४. म्हणजे मागे चार चाकांचा ड्युअली घ्यावाच लागतो?

प्रत्येकाला नाही. १०-११ हजारांच्या आतल्या हलक्या फिफ्थ व्हीलला पाऊण टनी पेट्रोल ट्रक पुरतो, त्याचं पेलोड डिझेलपेक्षा बरेचदा जास्तच असतं. १२-१४ हजारांना एक टनी, मागे दोन चाकांचा. १६ हजारांच्या पुढे मात्र ड्युअलीच. तो वाऱ्यात अंगाने स्थिर राहतो आणि एक टायर फुटला तरी दुसरा आधाराला असतो. रोज ऑफिसला तोच न्यायचा असेल तर पार्किंगच्या दोन पट्ट्यांत एक गाडी कशी बसवायची, हा प्रश्न तुमचा तुम्ही सोडवा.

हाफ टन, म्हणजे एफ-१५० वर्गातले ट्रक मोठ्या फिफ्थ व्हीलसाठी नकोत. विक्रेता काहीही म्हणो.

५. खरं वजन किती भरलं, हे कसं कळणार?

ट्रक स्टॉपवर कॅट स्केलची पिवळी पाटी शोधा. तो लांबलचक वजनकाटा असतो, वेगवेगळ्या फळ्यांचा: ट्रकचा पुढचा आस एका फळीवर, मागचा दुसऱ्या, ट्रेलरचे आस तिसऱ्या. फोनवरच्या अ‍ॅपने पैसे भरता येतात, गाडीतून उतरावंही लागत नाही. प्रवासाला निघताना जसं भरता तसंच भरून, घरच्या सगळ्यांना बसवून एकदा तोला. मग ट्रेलर सोडून फक्त ट्रक तोला. २४ तासांच्या आतलं दुसरं वजन स्वस्तात होतं.

समजा, जोडलेल्या अवस्थेत पुढचा आस ४,९००, मागचा ६,१०० आणि ट्रेलर १०,६०० भरला. नुसता ट्रक ८,२००. तर ११,००० वजा ८,२००, पिनचा भार २,८००. ट्रेलरचं पूर्ण वजन १०,६०० अधिक २,८००, म्हणजे १३,४००. टक्केवारी २१च्या जवळ, ठीक आहे. मग मागच्या आसाचा आकडा दारावरच्या आसाच्या मर्यादेशी आणि टायरच्या क्षमतेशी ताडून पाहा.

६. माझ्या ट्रकचा हौदा आखूड आहे. चालेल का?

साडेसहा फुटांचा चालतो, पण अगदी तीव्र वळणावर ट्रेलरचा पुढचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेला टेकू शकतो. त्यासाठी सरकतं हिच मिळतं. हळू वळण्याआधी ते मागे सरकवायचं. काही हिच आपोआप सरकतात. साडेपाच फुटांच्या हौद्यावर मात्र जिवाला घोर लावून घेऊ नका. आठ फुटी हौदा असेल तर हा प्रश्न विसरा.

७. वेगळं लायसन्स लागतं का?

तुम्ही कुठल्या राज्यात राहता त्यावर आहे. ट्रक आणि ट्रेलर मिळून २६,००० पाऊंडांच्या आत असतील तर बहुतेक राज्यांत नेहमीचं लायसन्स चालतं. टेक्सासमध्ये जोडीची क्षमता २६,०००च्या वर आणि त्यात ट्रेलर १०,०००च्या वर असेल तर बिगरव्यावसायिक क्लास ए लागतं. कॅलिफोर्निया आणखी कडक: १०,००० ते १५,००० पाऊंडांच्या फिफ्थ व्हीलसाठी साध्या क्लास सी लायसन्सवर लेखी परीक्षा देऊन शेरा घ्यावा लागतो आणि १५,०००च्या वर बिगरव्यावसायिक क्लास ए. हिशोब जीव्हीडब्ल्यूआरवर होतो, ट्रेलर रिकामा असला तरी.

लायसन्स घरच्या राज्याचं चालतं, पण वेगाचे नियम ज्या राज्यात असाल त्याचे. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या कुठल्याही गाडीला ५५ मैलांची मर्यादा आहे. नेव्हाडातून ७०ने येणाऱ्यांना ती हमखास नडते.

८. जोडताना आणि सोडताना सगळ्यात मोठी चूक कोणती होते?

जोडतानाची मोठी चूक म्हणजे पिन जबड्याच्या वर राहणं. ट्रेलर जरा जास्त उंच ठेवला, की पिन जबड्यात न शिरता वर टेकते आणि लांबून सगळं बसल्यासारखं दिसतं. पहिल्या गचक्याला ट्रेलर हौद्याच्या कडांवर कोसळतो. म्हणून मागे घेताना ट्रेलरची पट्टी हिचच्या पट्टीपेक्षा किंचित खाली हवी, इतकी की ट्रक शिरताना ट्रेलरचं नाक जरासं उचललं जावं. जबडा बंद झाला की टॉर्च घेऊन वाकून बघा. मग सात पिनांची वायर आणि जोडणी तुटल्यास ब्रेक लावणारी बारीक तार लावा. त्यानंतर ट्रेलरचे पाय जमिनीला टेकलेलेच ठेवून, चाकांना ठोकळे लावलेले असताना, ट्रेलरचा ब्रेक दाबून ट्रक हळूच पुढे खेचून पाहा. हलला नाही तर जोडणी पक्की. पाय वर घ्यायचे ते अगदी शेवटी.

सोडतानाची चूक मी स्वतः केली आहे. ठोकळे लावले, पाय टेकवले, जबडा उघडला, वायर काढली आणि रुबाबात ट्रक पुढे घेतला. हौद्याचं मागचं फळकं पाडायला विसरले होते. पिनने ते ताटासारखं वाकवलं. त्या संध्याकाळी शेजारच्या सगळ्या साइटवरून लोक चौकशीला आले, दोघे तर खुर्ची घेऊन. तेव्हापासून यादी कागदावर आहे आणि जोडताना-सोडताना आमच्याशी कोणी बोलत नाही. निम्म्या चुका या गप्पांतूनच होतात.

९. टायर नवेच दिसतात, खोबणीही भरपूर आहे. तरी बदलायचे?

ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, वयाने जातात. बाजूच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांपुढच्या आकड्यांतले शेवटचे चार पाहा. २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३वा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की बदलून टाका. हवा सकाळी, टायर थंड असताना, भिंतीवर लिहिलेल्या दाबाइतकी: लोड रेंज (टायरचा भार पेलण्याचा वर्ग) ई असेल तर बहुधा ८० पीएसआय, जी असेल तर ११०. दुपारी दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका.

वेगाची खूणही तिथेच असते. जुन्या ट्रेलर टायरची मर्यादा ६५ मैल असे. आता अनेकांवर एल लिहिलेलं असतं, म्हणजे ७५. तरीही आम्ही ६५ ओलांडत नाही. प्रत्येक चाकाचा दाब आणि तापमान केबिनमध्ये दाखवणारे सेन्सर घ्याच. मागे तीस फुटांवर टायर फुटला तर तो तुम्हाला ऐकूही येत नाही, आणि तोवर पत्रा फाटून पाण्याचे पाइप लोंबत असतात.

१०. घाटात काय करायचं? चढापेक्षा उताराची भीती वाटते.

भीती योग्य जागी आहे. आपल्याकडे बोरघाटात जुने ड्रायव्हर शिकवायचे, ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. इथेही तेच. उतार सुरू होण्याआधी, माथ्यावरच वेग कमी करा, टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सेटिंग) लावा, डिझेलला एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो चालू करा आणि गिअर हाताने खाली घ्या. इंजिनाला गाडी धरू द्या. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरलात तर ते तापतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. लागलाच तर ठाम दाबा, वेग पाचेक मैलांनी उतरवा आणि पाय काढून घ्या. थोड्या वेळाने पुन्हा तसंच.

आम्ही डेन्व्हरजवळ राहतो, त्यामुळे आय-७० म्हणजे आमच्या दारातला घाट. आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. तिथून डेन्व्हरकडे येताना एका टप्प्यावर वाटतं, आलं सपाट. तेवढ्यात पाटी दिसते: ट्रकवाल्यांनो फसू नका, अजून चार मैल तीव्र उतार आणि वळणं आहेत. ती पाटी उगाच नाही. रस्त्याच्या कडेला खडीने भरलेले चढे पट्टे दिसतात, ते ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी. लाजू नका, वेळ आली तर त्यात घाला. ट्रेलरचं नुकसान होईल, तुम्ही वाचाल.

चढाचं थोडक्यात: टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. उजव्या लेनमध्ये, दिवे लुकलुकत ठेवून ३५ने चढलात तरी कोणी नाव ठेवत नाही.

११. जीपीएसवर विसंबून जाता येतं का? पूल, बोगदे?

फोनवरचा नेहमीचा नकाशा तुम्हाला छोटी कार समजतो. ट्रेलरची उंची टाकता येते असं आरव्हीचं, म्हणजे अशा फिरत्या घरांसाठीचं जीपीएस किंवा अ‍ॅप वापरा. आधी स्वतःची उंची टेपने मोजा, छतावरच्या एसीसकट, ट्रक जोडलेला असताना. तो आकडा डॅशबोर्डवर चिकटवा. पूर्वेकडच्या राज्यांत कायद्याची कमाल उंची साधारण १३ फूट ६ इंच, पश्चिमेत बऱ्याच ठिकाणी १४ फूट. म्हणून मोठे महामार्ग सुरक्षित असतात, गोची होते ती गावातल्या जुन्या रेल्वेपुलांखाली. नॉर्थ कॅरोलायनात डरहॅमचा कुप्रसिद्ध पूल ११ फूट ८ इंचांचा होता, २०१९मध्ये आठ इंच उचलला, तरी गाड्या आदळायच्या थांबल्या नाहीत.

न्यूयॉर्कच्या पार्कवेंवर आणि कनेटिकटच्या मेरिट पार्कवेवर ट्रेलरना बंदीच आहे. न्यू जर्सीतल्या नातेवाइकांकडे निघालेली आपली मंडळी हमखास तिथे अडकतात.

बोगद्यांत उंचीइतकाच प्रोपेनचा प्रश्न असतो. बाल्टिमोरच्या हार्बर आणि फोर्ट मॅकहेन्री या दोन्ही बोगद्यांतून आरव्हीच्या प्रोपेन टाक्या नेता येत नाहीत, बंद केलेल्या असल्या तरी. पूर्वी त्यावर उपाय फ्रान्सिस स्कॉट की पूल होता. तो २६ मार्च २०२४ला जहाज धडकून कोसळला. आता आय-६९५च्या पश्चिमेकडच्या अर्ध्या वळशाने जायचं.

१२. नॅशनल पार्कमध्ये एवढा मोठा ट्रेलर जातो का?

पार्कमध्ये जातो, पण हव्या त्या रस्त्यावर नाही. ग्लेशियरच्या गोइंग-टू-द-सन रस्त्यावर डोंगराच्या भागात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद काही चालत नाही, आणि लांबीत ट्रक व ट्रेलर दोन्ही धरतात. झायनच्या माउंट कार्मेल बोगद्यातून पूर्वी परवाना घेऊन मोठ्या गाड्या सोडत, समोरची वाहतूक थांबवून. ७ जून २०२६पासून ती सोय बंद केल्याचं पार्कने जाहीर केलं आहे. ११ फूट ४ इंचांहून उंच गाडीने बाहेरूनच फिरून जायचं. आमची पद्धत साधी: ट्रेलर पार्कबाहेर लावतो आणि नुसत्या ट्रकने आत फिरतो.

आतले कॅम्पग्राउंड जुने, साइट आखूड. बुकिंग करताना लिहिलेली लांबी ट्रेलरची की एकूण, हे वाचा. यलोस्टोनचा फिशिंग ब्रिज मोठ्यांना सोयीचा, पण तिथे कापडी भिंतीचं काही चालत नाही. ग्रिझली अस्वलांचा तो भाग आहे.

१३. वाऱ्यात कितपत निघावं?

वायोमिंगमध्ये आय-८०वर, लारमी ते रॉलिन्सच्या पट्ट्यात, हलक्या आणि उंच गाड्यांना बंदीची पाटी लागते. ती पाटी तुमच्यासाठीच आहे. आम्ही एकदा रॉलिन्सला दीड दिवस बसून काढला, मुलांनी पत्त्यांचे सगळे डाव संपवले. निघण्याआधी राज्याच्या रस्ते विभागाची माहिती बघा आणि शक्यतो पहाटे निघा.

१४. दिवसाला किती मैल धरावेत?

कारने सहाशे मैल मारणाऱ्यांनी आकडा अर्धा करा. इथले जुने लोक तीन-तीन-तीन म्हणतात: तीनशे मैल, दुपारी तीनच्या आत मुक्काम, तीन रात्री एका जागी. तीन रात्री सगळ्यांना परवडत नाहीत, पण उजेडात पोहोचणं मात्र सोडू नका, कारण पुढे प्रश्न १५ आहे. आमच्या डिझेलला गॅलनला नऊ-दहा मैल पडतात. टाकी अर्धी झाली की भरा, म्हणजे ट्रेलर शिरेल असा पंप निवडायला वाव राहतो. हँडलच्या रंगावर भरवसा ठेवू नका. डिझेलचा हँडल बरेचदा हिरवा असतो, पण बीपीच्या पंपावर पेट्रोलचाच हिरवा.

१५. रिव्हर्स जमतच नाही. काय करू?

हात स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला, सहाच्या काट्यावर धरा. ट्रेलरचं बूड ज्या बाजूला जायला हवं, हात त्या बाजूला न्या. हळू. बिघडलं की पुढे घ्या, पुन्हा. रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात दोन शंकू ठेवून सराव करा. आमच्याकडे ट्रक मी चालवते आणि मागे नवरा उभा राहतो. नियम दोनच: तो आरशात दिसला नाही की मी थांबते, आणि हातवारे नाहीत, फोन चालू ठेवून बोलायचं. ‘इकडे’ हा शब्द बंद, ‘ड्रायव्हरच्या बाजूला’ म्हणायचं. अनोळखी ठिकाणी पुढून शिरून पुढून निघता येणारी साइट मागा. चार पैसे जास्त पडतात, संसार टिकतो.

१६. आई-बाबा भारतातून आलेत. प्रवासात ते मागे ट्रेलरमध्ये झोपले तर?

नको. काही राज्यांत फिफ्थ व्हीलमध्ये माणसं बसवायला अटींसह परवानगी आहे, काहींत अजिबात नाही, आणि सीमा ओलांडली की नियम बदलतो. पण कायद्याआधी अक्कल: मागे सीटबेल्ट नाहीत, कपाटं उघडतात, गचके ट्रकमध्ये जाणवतात त्याहून कितीतरी मोठे. दर दीड-दोन तासांनी थांबा, ट्रेलर उघडा, त्यांना तासभर आडवं होऊ द्या, चहा करा. घर बरोबर असण्याचा फायदा तोच.

१७. ५० अ‍ॅम्पचा ट्रेलर ३० अ‍ॅम्पच्या खांबाला लावला तर चालतो?

अ‍ॅडॉप्टर लावून चालतो, पण ताकदीत मोठा फरक आहे. ३० अ‍ॅम्प म्हणजे ३,६०० वॅट, ५० अ‍ॅम्प म्हणजे दोन तारांवर मिळून १२,०००. एक एसी चालेल. त्याच्या जोडीला मायक्रोवेव्ह लावलात की अंधार. खांब आणि ट्रेलर यांच्यामध्ये व्होल्टेज तपासणारं संरक्षक यंत्र हवंच, जुन्या कॅम्पग्राउंडची वायरिंग काहीही असू शकते.

१८. आत कुकर लावता येतो का? फोडणीचं काय?

कुकर लागतो, खुशाल लावा. फोडणीला मात्र धुराचा अलार्म शिट्टीआधी ओरडतो, छत डोक्याच्या इतकं जवळ असतं. आम्ही फोडणी बाहेर, टेबलावरच्या छोट्या शेगडीवर करतो. अस्वलांच्या भागात ती लगेच आवरून, भांडी घासून आत घ्यायची. अ‍ॅक्रिलिकच्या पांढऱ्या सिंकवर हळद बसली की गेली, म्हणून सिंकमध्ये स्टीलचं पातेलं ठेवा. तेल टाकीत सोडू नका, कागदाने पुसून कचऱ्यात.

१९. पाणी भरून निघायचं की रिकाम्या टाकीने?

गॅलनभर पाणी ८.३४ पाऊंड. ६० गॅलनची टाकी म्हणजे ५०० पाऊंड. मुक्कामी नळ असेल तर वाटेत लागेल तेवढंच, पाचेक गॅलन ठेवा. रानात, बीएलएमच्या (केंद्र सरकारच्या सार्वजनिक) जमिनीवर राहायचं असेल तर जवळच्या गावात भरा आणि त्या वजनाने प्रश्न ३चं गणित पुन्हा करा. मळपाणी सोडताना आधी संडासाची टाकी, मग सांडपाण्याची, म्हणजे नळी धुऊन निघते. हातमोजे वेगळे ठेवा आणि ते कुठे ठेवलेत हे घरात सगळ्यांना सांगा.

२०. फिफ्थ व्हीलच्या मागे बोटही जोडलेली दिसते. आपणही जोडू शकतो का?

काही राज्यांत हो, बऱ्याच ठिकाणी नाही, आणि जिथे चालतं तिथेही एकूण लांबीची मर्यादा असते. ट्रेलर बनवणाऱ्याने मागे हिच लावायला परवानगी दिली आहे का, हेही बघावं लागतं. आणि एकदा ती जोडली, की रिव्हर्स घेता येत नाही. चुकीच्या गल्लीत शिरलात तर बोट सोडायची, हाताने ढकलायची, ट्रेलर मागे घ्यायचा, पुन्हा जोडायची. आमच्या शेजारच्या साइटवर एका जोडप्याने हे भर पावसात केलं. त्यांच्यासाठी आम्ही आल्याचा चहा नेला होता.